वाचक विचारतात: गच्चीवरचा गुरू, किरणोत्सवाचा सूर्य आणि गगनबावड्याची देवयानी

मागच्या अंकात आकाशाच्या फोटोंवर थोडंसं लिहिलं, तर पत्रांचा ढीगच आला की, आणि त्यात कोल्हापूरकडचीच जास्त. काही निवडून घेतलीत. नावं छापत नाही, पेठ-गाव तेवढं देतो.

प्रश्न (शाहूपुरी): १३० मिमीची डॉब्सोनियन, म्हणजे हातानं वळवायची दुर्बीण, घेतलीय. डोळ्यानं गुरूचे दोन पट्टे नीट दिसतात, पण आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाईल लावला की नुसता पांढरा गोळा. मोबाईल बदलू का?

अजिबात नको. मोबाईलला सगळीकडं काळोख दिसतो म्हणून तो आपणहून एक्सपोजर वाढवतो आणि गुरू जळून जातो, एवढंच झालंय. प्रो मोडला जा, आयएसओ खाली आणा, शटर पट्टे दिसेपर्यंत फास्ट करत जा. चारी चंद्र गायब होतील, होऊ देत, त्यांचा फोटो वेगळा काढायचा असतो.

आणि खरं म्हणजे फोटो काढूच नका, व्हिडिओ काढा. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते, त्यामुळं गुरू एका क्षणी चकचकीत आणि पुढच्या क्षणी पुसट दिसतो. ३० फ्रेमच्या स्पीडनं दोन मिनिटं रेकॉर्ड केलं की ३६०० फ्रेम होतात, त्यातल्या चांगल्या तेवढ्या निवडून एकावर एक बसवायच्या, याला स्टॅकिंग म्हणतात. डॉब्सोनियन आपोआप फिरत नाही, गुरू सरकत सरकत बाहेर जातो, परत ढकलून आणायचा, घाबरायचं नाही, कारण पिप नावाचं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये ग्रह मधोमध आणून देतं. मग ऑटोस्टॅकर्टमध्ये वरच्या २०-२५ टक्के फ्रेम स्टॅक करा आणि शेवटी रेजिस्टॅक्समध्ये बारकावे उठावदार करणारे वेव्हलेटचे स्लायडर जपून सरकवा. तिन्ही फुकट आहेत. स्लायडर फार ओढला की गुरूभोवती काळी कड येते आणि फोटो प्लॅस्टिकचा वाटतो, हल्ली ग्रूपवर असलेच फोटो जास्त दिसतात. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका, गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी मारतो, त्यामुळं पट्ट्यांतले बारकावे सरकतात.

आता गच्चीचं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत बसतो आणि दुर्बिणीसमोरची हवा थरथरते, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसते तशी. शेजारच्या पत्र्यावरून बघताय तर संपलंच. म्हणून दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, आरसा गार होऊ दे, आणि शक्य असेल तर रात्री उशिरा बघा. एका बाबतीत मात्र तुमचं नशीब भारी आहे. २०२६ आणि २०२७ मध्ये गुरू प्रतियुतीच्या (सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असण्याच्या) सुमाराला आपल्याकडं जवळपास डोक्यावरून जातो, म्हणजे हवेचा थर सगळ्यात कमी. फक्त अगदी डोक्यावर आला की डॉब्सोनियन वळवताना मानेचे आणि हाताचे हाल होतात, तेव्हा थोडा कलला की धरा.

प्रश्न (महाद्वार रोड): अंबाबाईच्या मंदिरातल्या किरणोत्सवाच्या दिवसांत मावळत्या सूर्याचा क्लोजअप टेलिफोटोनं घ्यायचाय. मावळताना सूर्य लालच असतो, मग फिल्टरची काय गरज? नाहीतर एक्स-रेची फिल्म लावू का?

एक्स-रेची फिल्म नाही म्हणजे नाही. ती उजेड कमी करते पण इन्फ्रारेड आरपार जाऊ देते, डोळ्याला दुखत नाही म्हणून माणूस बघत बसतो आणि रेटिना भाजतो. सूर्यासाठीची खास सोलर फिल्म मिळते, ती लेन्सच्या पुढच्या तोंडावर, कडेनं उजेड शिरणार नाही अशी घट्ट बसवायची. आयपीसला मागच्या बाजूनं स्क्रू करायचे जुने काळे फिल्टर अजून कुणाकडं असतील तर फेकून द्या, ते गरम होऊन तडकतात. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडं बघायचंच नाही, स्क्रीनवर बघा. सूर्य लाल आणि निस्तेज वाटला तरी लांब लेन्सनं गोळा झालेला उजेड हा वेगळा हिशोब असतो, म्हणून क्षितिजाला टेकेपर्यंत फिल्टर ठेवाच.

साइझचा अंदाज द्यायचा तर सूर्य अर्धा अंशाचा, म्हणजे १००० मिमीच्या लेन्सवर सेन्सरवर साधारण ९ मिमीची चकती येते. सूर्यावरचे डाग टिपायला तेवढी पुरते.

जाता जाता, किरणोत्सवाचे दिवस म्हणजे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, या दोन्ही तारखा २१ डिसेंबरपासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत बघा. म्हणूनच दोन्ही वेळा सूर्य जवळपास एकाच जागी मावळतो आणि किरणं थेट गाभाऱ्यात येतात.

प्रश्न (कसबा बावडा): देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायला किती मोठी दुर्बीण लागेल? घरच्या गच्चीवरून जमेल का?

दुर्बीण नकोच! देवयानी आकाशात चंद्राच्या सहापट रुंद आहे, २५ लाख प्रकाशवर्षं लांब असली तरी. ५० मिमीची साधी लेन्स, ट्रायपॉड आणि कॅमेरा बास. क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, असेल तर सहा सेकंदांच्या पुढं एक्सपोजर गेलं की तारे रेघा मारतात, म्हणून सहा-सहा सेकंदांच्या दोनशे फ्रेम घ्या, म्हणजे वीस मिनिटांचा उजेड झाला, आणि सिरिल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा.

अडचण गच्चीची आहे. ग्रह, चंद्र, सूर्य हे शहरातून खुशाल करा, उजेडानं त्यांना फरक पडत नाही. तेजोमेघ आणि दीर्घिका पुसट, त्या स्ट्रीटलाइटच्या उजेडात बुडून जातात. आपल्याकडं आणखी एक भानगड म्हणजे ऊस. गुऱ्हाळं पेटली, पाचट जाळायला सुरुवात झाली की हवेत धूर तरंगतो आणि त्यावर शहराचा उजेड पसरतो. पन्हाळा जवळ आहे, पण कोल्हापूरचा उजेड तिथूनही दिसतोच. अमावस्येच्या आसपास गगनबावडा किंवा राधानगरी-दाजीपूरकडं जा, नोव्हेंबरात रात्री नऊच्या सुमाराला देवयानी वर असते. दव पडतंय, लेन्सला यूएसबीचा हीटर पट्टा गुंडाळा.

पुढं ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) घ्यायचा विचार असेल तर ध्रुवतारा आपल्याकडं जेमतेम १७ अंशांवर आहे हे लक्षात ठेवा, हात लांब करून दोन मुठींपेक्षाही खाली. उत्तरेला इमारत किंवा झाड असेल तर पोलर अलाइनमेंट, म्हणजे ट्रॅकर ध्रुवाकडं नेमका रोखणं, होतच नाही. पण त्याचा फायदाही आहे. लंडनवाल्याला जन्मात घरून न दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ आपल्याला एप्रिल-मे मध्ये २५ अंश वर मिळतो. कोल्हापुरातून बघाल तर दक्षिणेला कागल-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीचा उजेड आडवा येतो, म्हणून परत गगनबावडाच.

प्रश्न (इचलकरंजी): आमच्या वडिलांचं म्हणणं, तेजोमेघांचे लाल-निळे फोटो सगळे रंगवलेले असतात. खरं काय?

वडील निम्मे बरोबर आहेत. मृगातल्या तेजोमेघाचा लाल रंग खरा, तो हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरचा. अंधारात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत म्हणून दुर्बिणीतून तो राखाडी दिसतो. साध्या कॅमेऱ्याच्या आतला फिल्टरही हा लाल बराचसा अडवतो, म्हणून हौशी लोक तो काढून घेतात. पण हबल अवकाश दुर्बिणीचा १९९५ चा वायू-धुळीच्या खांबांचा प्रसिद्ध फोटो घ्या, त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा असे रंग ठरवून दिलेत. कुठला वायू कुठं आहे ते कळावं म्हणून, फसवायला नव्हे.

प्रश्न (जयसिंगपूर): २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण इकडून दिसेल का?

दुपारनंतर, खंडग्रास. खग्रास बघायचं तर इजिप्तच्या लक्सरसारख्या ठिकाणी जावं लागेल. इकडं ऑगस्ट म्हणजे पाऊस, त्यामुळं ढग नसतील याची गॅरंटी मी देऊ शकत नाही, सोलर फिल्म मात्र आत्ताच घेऊन ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.