राणी-छक्की-चौकी: डीलरसमोर पॅक कधी करायचं

तुमची पोस्ट वाचली आणि 2019 चा डिसेंबर आठवला. पणजीला मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर थ्री कार्ड पोकर (डीलरविरुद्ध खेळायची तीन पानांची बाजी), तीन तासांत तुमचे 36 हजार गेले, आणि "तीन पत्ती तर लहानपणापासून खेळतोय, मग असं कसं झालं?" हा तुमचा प्रश्न. माझाही अगदी हाच होता.

सिक्वेन्स, कलर, जोडी तुम्हाला सांगायला नको. फक्त एक फरक लक्षात ठेवा: इथे प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची ओळीने तीन पानं) ट्रेलच्या (तीन सारखी पानं) वर लागतो. आता मुद्द्यावर येतो.

घरच्या तीन पत्तीची सवय हाच माझा घात होता. गणपतीत जागरणाला बसलो की हातात काही नसतानाही दोन चाली दामटून समोरच्याला पॅक करायला (पानं टाकून डाव सोडायला) लावायचं, ही आमची विद्या. बोटीवर समोर डीलर. तो पॅक करत नाही. त्याच्याकडे राणी किंवा वरचं काही असेल तर त्याचा हात धरला जातो, म्हणजे तुमच्या हाताशी तुलनेला मोजला जातो, नसेल तर नाही. तुमच्या चेहऱ्याकडे तो बघतही नाही.

माझी चूक एका जिंकलेल्या डावात पक्की झाली. इस्पिकचा गुलाम, चौकटची नव्वी, किलवरची पंजी. अँटी (पानं बघण्याआधी लावायची बोली) 500 ची लावली होती, म्हणून डाव खेळायला तेवढेच आणखी 500 पुढे सरकवले. डीलरने पानं उलटली: दश्शी, सत्ती, तिर्री. त्याचा हात धरला गेला नाही, मला अँटीवर 500 मिळाले आणि पुढचे 500 जसेच्या तसे परत आले. शेजारी मेव्हणा बसला होता, त्याने पाठ थोपटली. त्यानंतर मी एकदाही पॅक केलं नाही. रात्री दोनपर्यंत गुलाम काय, नव्वी काय, सगळ्यावर पैसे लावले.

आता हिशेब बघा. गुलाम किंवा त्याखालचं पान सगळ्यात मोठं आणि जोडीबिडी काही नाही, असा हात 1 रुपयाच्या अँटीने 100 वेळा खेळलात असं धरा. साधारण 70 वेळा डीलरकडे राणी किंवा वरचं येतं. तेव्हा तुमचा हात हरतोच, आणि अँटी व पुढची बोली दोन्ही जातात: 140. उरलेल्या 30 वेळा अँटीइतके मिळतात: 30. म्हणजे 110 चा तोटा. शंभरही वेळा गुमान पॅक केलंत तर 100 चा. हा खेळ परवडायला डीलरचा हात तीनात एकदा तरी कोसळायला हवा, आणि तेवढा तो कोसळत नाही. फरक बारीक दिसतो, पण अशी पानं जवळपास दर तिसऱ्या डावाला येतात. कधीच पॅक न करणाऱ्याचा सरासरी तोटा अँटीच्या 7.65 टक्के, नीट खेळणाऱ्याचा 3.37 टक्के.

नीट म्हणजे काय? राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून वर असेल तर खेळा, खाली असेल तर टाका, म्हणजे पॅक करा. एक्का किंवा राजा असेल तर बाकीची दोन पानं बघायची गरज नाही. राणी-सत्ती-दुर्री खेळायची. राणी-छक्की-तिर्री टाकायची, राणी-पंजी-चौकी पण टाकायची. एवढाच नियम आहे, आणि तो मला त्या रात्री कुणी सांगितला नाही. टेबलावरच्या साहेबांना मी विचारलं होतं, कधी टाकायचं? "सर, मनाला वाटलं की खेळा," म्हणाले. अजून राग येतो. नियम गुपित नाही, आणि माणसाने सरळ विचारलं तर सरळ सांगावं!

नीट खेळूनही तोटाच आहे, हे मात्र विसरू नका. नियमाने तो फक्त कमी होतो. हप्त्याचे किंवा उसने पैसे घेऊन जाणार असाल तर माझं काहीच ऐकू नका, जाऊच नका.

शिवाय आता खरा मार जीएसटीचा आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिपांच्या खरेदीवर 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40. उरलेल्या चिपा परत केल्या तरी त्यावरचा कर सुटत नाही. मी काही करसल्लागार नाही, पण एवढं कळतं की 3.37 आणि 7.65 चा हिशेब या आकड्यापुढे फार लहान आहे. त्यामुळे चिपा एकदाच आणि थोड्या घ्या, टेबलावरून उठून पुन्हा खिडकीवर जाऊ नका.

पेअर प्लसबद्दलही (जोडी किंवा वरचा हात येईल यावर लावायची वेगळी बोली) विचारलंय. ते टेबलाच्या कापडावर काय छापलंय त्यावर आहे. प्युअर सिक्वेन्सला 40 पट, ट्रेलला 30, सिक्वेन्सला 6, जोडीला 1 असेल, तर कलरचा आकडा बघा. 4 असेल तर बोटीचा वाटा 2.32 टक्के. 3 असेल तर 7.28, तिथे मी एक रुपयाही लावत नाही. तुमच्या टेबलावर किती होता? फोटो असेल तर टाका, बघून सांगतो.