टोकियोत ओतेमाचीहून जलद गाडी पकडली तर निशि-कासाईला उतरता येईल का?

नाही, तोझाई या मेट्रो मार्गावरची जलद गाडी, म्हणजे 'काइसोकु', निशि-कासाईला थांबत नाही. तोयोचो सुटलं की ती थेट उरायासुलाच थांबते. ओतेमाचीहून सगळीकडे थांबणारी 'काकुएकी-तेइशा' पकडा, किंवा जलद गाडीने तोयोचोपर्यंत येऊन तिथे बदला. निशि-कासाई स्टेशन १९७९ साली, मार्गाचा हा भाग सुरू झाल्यावर दहा वर्षांनी, मधे घातलेलं आहे. उन्नत मार्गावर दोन रूळ आणि दोन्ही कडेला एकेक प्लॅटफॉर्म, बस्स. मागून येणाऱ्या गाडीला पुढे काढायला जागाच नाही. ती सोय पुढच्या कासाईला आहे: तिथे मधल्या दोन रुळांवरून जलद गाडी धडधडत निघून जाते आणि आपली गाडी कडेला दार उघडं ठेवून उभी असते. म्हणून उलट दिशेने, शहराकडे येताना, कासाईला गाडी थोडा वेळ थांबली तर घाबरून उतरू नका.

एक अपवाद: कामाच्या दिवशी सकाळी शहराकडे जाणारी 'त्सूकिन काइसोकु', म्हणजे नोकरदारांची जलद गाडी, नावात जलद असली तरी उरायासुपासून पुढे प्रत्येक स्टेशन घेते, त्यामुळे निशि-कासाईलाही थांबते. फलकावर 'त्सूकिन' आहे की नाही, एवढं नीट पाहा. चुकून उरायासुला पोचलातच तर परतीच्या साध्या गाडीने दुसरं स्टेशन.