हाडं ठिसूळ झाल्यावर तूप बंद करून जवस सुरू करायचं का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६२, डेक्सा तपासणीत (म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या) टी-स्कोअर उणे २.७ आला (उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली म्हणतात) आणि तेव्हापासून त्यांनी तेल-तूप जवळपास सोडलंय. सकाळी चमचाभर जवस पाण्याबरोबर गिळतात. फिश ऑइलच्या गोळ्या आणू का, असंही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण घरात हे सगळं होऊन गेलंय, त्यामुळे बरंच वाचलंय.

आधी जवस. गिळू नका म्हणावं! मनगट मोडल्यावर आमच्या सासूबाईंनीही चार महिने हेच केलं. अख्खा दाणा बहुतेक जसा आत जातो तसाच बाहेर पडतो. त्यांचं माहेर वर्ध्याकडचं, तिथे जवसाची चटणीच व्हायची, तरी हे कुणाचं ऐकून सुरू केलं देव जाणे. आता दर रविवारी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजतात आणि लसूण, तिखट, मीठ घालून कुटतात. आठवड्यापुरतीच, कारण कुटलेलं जवस लवकर खवट होतं.

जवसाच्या मोठा चमचाभर पुडीत दीडेक ग्रॅम ओमेगा-३ (एक प्रकारचं स्निग्ध आम्ल) असतं, पण ते वनस्पतीतलं. माशांत आणि फिश ऑइलमध्ये ईपीए आणि डीएचए या प्रकारचं ओमेगा-३ असतं, ते शरीर जवसापासून अगदी थोडं बनवतं. तुमच्याकडे मासे चालत असतील तर बांगडा, तारली उत्तम. तारलीचे मऊ शिजलेले काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं.

आता हाडांशी याचा संबंध काय? हाड रोज थोडं झिजतं आणि थोडं नव्याने भरतं. ओमेगा-६ (करडईसारख्या तेलांतलं स्निग्ध आम्ल) पासून शरीरात बनणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन फार वाढलं की हाड पोखरणाऱ्या पेशींना जोर येतो. ओमेगा-३ त्याला थोडा आवर घालतं. शिवाय हाडाच्या मज्जेतल्या एकाच मूळपेशीची हाड बांधणारी पेशी होऊ शकते किंवा चरबीची, आणि वय वाढतं तसा तिचा कल चरबीकडे झुकतो; ओमेगा-३ तो परत हाडाकडे वळवतं असं मानतात. कागदावर हे सगळं छान जुळतं. पण युरोपातल्या ५ देशांत सत्तरीपुढच्या २,१५७ जणांवर ३ वर्षं डू-हेल्थ नावाची चाचणी झाली. त्यातल्या काहींना रोज १ ग्रॅम ओमेगा-३ दिलं होतं. २०२० मध्ये निकाल आला: हाडं मोडायचं प्रमाण काही लक्षणीय कमी झालं नव्हतं. म्हणून केवळ हाडांसाठी मी तरी त्या गोळ्यांवर पैसे घालणार नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

तुपाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या लाखाहून जास्त प्रौढ महिलांच्या पाहणीत, संतृप्त स्निग्ध पदार्थ जास्त खाणाऱ्यांत खुब्याचं हाड मोडायचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. पण ती नुसती पाहणी; त्यावरून तुपामुळेच मोडलं असं म्हणता येत नाही. त्याच पाहणीत ओमेगा-६ जास्त खाणाऱ्यांची हाडं एकूण कमी मोडली होती, तेव्हा करडईच्या तेलालाही उगाच बदनाम करू नका. वरणभातावरच्या चमचाभर तुपाने काही बिघडत नाही. उलट ड जीवनसत्त्व स्निग्धातच विरघळतं. आमच्या सासूबाई त्याची आठवड्याची पुडी उपाशीपोटी, कोऱ्या चहाच्या आधी घ्यायच्या. डॉक्टरांनी ती दुपारच्या जेवणानंतर घ्यायला लावली.

खरा भर कॅल्शियम, प्रथिनं आणि चालण्यावर द्या. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिळतं, बाकीचं दूध-दह्यातून. आणि उणे २.५ च्या खाली गेलेला स्कोअर चटणीने वर येत नाही, त्याला औषधं असतात, ती टाळू देऊ नका.

एक विचारायचं राहिलं: तेल-तूप सोडल्यापासून आईंचं वजन उतरलंय का? या वयात वजन घटलं की हाडंही घटतात. उतरलं असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेच आधी सांगा.