आईच्या एमआरसीपीत पित्तनलिका वेगळ्या जागी निघाली, हा आजार आहे का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशनआधी एमआरसीपी (म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय) केली आणि त्यात यकृताच्या उजव्या भागाची एक पित्तनलिका नेहमीपेक्षा खाली येऊन मिळते असं निघालं. आता सर्जन म्हणतात, जरा जपून करावं लागेल. हा आजार आहे, की बिल वाढवायची तयारी?

आजार नाही. आई जन्मापासून तशीच आहे. खडे झाले नसते तर हे कुणाला कधी कळलंही नसतं. मी धुळ्यात रेडिओलॉजिस्ट आहे. साक्री, शिरपूर, नंदुरबारकडचे पेशंट रोज बघतो, आणि पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळणारी माणसं वाटतात तितकी नसतात. मिशेल्स नावाच्या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने 200 मृतदेहांमधल्या यकृताच्या धमन्या तपासून 1966 साली त्यांचं वर्गीकरण मांडलं. पुस्तकी रचना त्यातल्या जेमतेम 55 टक्क्यांत होती.

आता ‘जपून’ म्हणजे काय ते सांगतो. पित्ताशय काढताना सर्जनला दोनच गोष्टी क्लिप लावून कापायच्या असतात: पित्ताशयाची नळी आणि त्याची धमनी. तुमच्या आईसारखी खाली येणारी पित्तनलिका नेमकी याच जागेच्या अगदी जवळून जाते. कधीकधी तर पित्ताशयाची नळी तिलाच जोडलेली असते. सूज असेल, सगळं चिकटलेलं असेल, तर तीच पित्ताशयाची नळी समजून कापली जाऊ शकते. मग यकृताच्या तेवढ्या भागातलं पित्त पोटात गळतं किंवा आत तुंबतं, ताप येतो, आणि पहिल्यापेक्षा मोठं दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं. हे टाळण्यासाठी स्ट्रासबर्ग या सर्जननी 1995 साली मांडलेला नियम आज जगभर शिकवतात: तो भाग पूर्ण मोकळा करायचा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. नाहीच दिसलं तर पित्ताशयाचा थोडा भाग तसाच ठेवून थांबायचं, किंवा दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडायचं. तुमचे सर्जन ही शक्यता आधीच बोलून दाखवत असतील तर मला ते चांगलंच लक्षण वाटतं.

प्रत्येक खड्याला एमआरसीपी लागत नाही, हेही खरं. कावीळ असेल, लिव्हरच्या तपासण्या बिघडलेल्या असतील किंवा सोनोग्राफीत मुख्य पित्तनलिका फुगलेली दिसली तर ती सांगतात. त्यातलं काही होतं का, एवढं सर्जनना सरळ विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

अशा वेगळेपणाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गळ्यात. आवाजाची उजवी नस एरवी छातीच्या वरच्या टोकाशी, उजव्या हाताच्या धमनीला खालून वळसा घालून पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. साधारण शंभरात एखाद्या माणसात ही धमनी महाधमनीच्या कमानीतून सगळ्यात शेवटी निघून अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. मग नसेला वळसा घालायला धमनीच उरत नाही, आणि ती मानेतच आडवी स्वरयंत्रात शिरते. थायरॉइडचा सर्जन तिला खालून वर येताना शोधत असतो. ती आडवी आली आणि कापली गेली तर आवाज बसतो. खोकल्यासाठी काढलेल्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये अशी धमनी दिसली की मी ती न विसरता लिहितो. पेशंट म्हणतो, मला तर खोकला होता, हे काय लिहिलंय? ते पुढे कधीतरी त्याचं थायरॉइड काढणाऱ्या डॉक्टरसाठी असतं.

सगळे अवयव आरशातल्यासारखे उलट असणारी माणसंही असतात, साधारण दहा हजारांत एक. त्यांचं अपेंडिक्स डावीकडे. ‘डाव्या बाजूले दुखी ऱ्हायनं’ म्हणत असा माणूस आला तर अपेंडिक्सचा संशय पटकन येत नाही. म्हणून सोनोग्राफीत यकृत कोणत्या बाजूला आहे हे मी आधी बघतो. खालच्या टोकाला जोडलेल्या मूत्रपिंडांचंही तसंच. चार-पाचशे माणसांत एकाला ती असतात, आणि अशा मूत्रपिंडात खडे जास्त होतात. पाठीतून खडा काढायचा तर सुईची वाट बदलते, त्यामुळे आधी सीटी करून घेणं बरं.

आपल्याकडे ऑपरेशनला लोक नाशिकला, सुरतला जातात आणि फिल्म घरी कपाटावर राहते. तुम्ही तसं करू नका. सेंटरवरून एमआरसीपीची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. ऑपरेशन दुसरीकडे ठरलं तर तिथल्या सर्जनना चित्रं स्वतः बघायला लावा, आणि रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ऑपरेशननंतर घरी आल्यावर ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, तर दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी आईला ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे परत न्या.