अण्णांना तारीख विचारण्याआधी

सोलापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबत राजीनाम्याचा मसुदाही. दोन्ही वाचले. पत्रातली एक गोष्ट खटकली, ती आधी सांगतो. अक्कलकोट रोडच्या तुमच्या टॉवेल कारखान्यात मालकापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे ज्यांना अण्णा म्हणतात, त्या माग सांभाळणाऱ्या मिस्त्रींचा उल्लेख तू पत्रभर ‘तो जॉबर’ असा केला आहेस. पोटात असतं ते तोंडावर दिसतंच, आणि हयात मागावर काढलेल्या माणसाला ते कळायला तुझं पत्र वाचावं लागत नाही.

लॉटची तारीख विचारली की ते ओरडतात, म्हणून नोकरी सोडते म्हणतेस. ओरडणारच की! शेडमध्ये माग सुरू असताना आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. तिथं हळू बोलून चालत नाही, आणि वर्षानुवर्षं त्या खडखडाटात राहिलं की कानही मंदावतात. मग शेडबाहेर आलं तरी आवाजाची पट्टी तीच राहते. तू ऑफिसच्या दारातून तो आवाज ऐकलास आणि माणूस खडूस आहे असं ठरवून मोकळी झालीस. ली रॉस नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये आपल्या सगळ्यांच्या या खोडीला नाव दिलं: दुसरा वाईट वागला की आपण त्याचा स्वभाव काढतो, त्याची परिस्थिती बघत नाही. मे महिन्यात पारा 43 वर असताना तू डिस्पॅचच्या पोरांवर खेकसलीस, त्याचं कारण मात्र पत्रात ‘उकाडा’ असं दिलंयस. वाचून हसू आलं.

आता अण्णांचं कौतुक कर म्हटलं, की तू म्हणणार, काका, म्हणजे मस्का मारू का? नाही गं. मस्का खुर्चीत बसूनही मारता येतो. कौतुक करायचं तर समोरच्याचं काम बघावं लागतं, आणि तू ते अजून बघितलेलंच नाहीस.

उद्या जेवणाच्या सुट्टीनंतर शेडमध्ये जा आणि अण्णांच्या मागे अर्धा तास नुसती फिर. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ असतात, हे तुला कागदावर माहीत आहेच. जमिनीचा म्हणजे मूळ कापडाचा बीम ताठ, लूपचा म्हणजे टॉवेलवरच्या फाशांचा सैल. आडवे तीन धागे पडले की फणी ते एकदम पुढे ठोकते आणि सैल धाग्यांचे लूप उभे राहतात. लूपच्या बीमचा ताण जरा बदलला की कुठे लूप उंच, कुठे बसके. मग टॉवेलचं वजन चुकतं आणि परदेशातला बायर पैसे कापतो. ते कापलेले पैसे तुझ्याच टेबलावर येतात ना? अण्णा चालत्या मागापुढून जाताना विणलेल्या कापडावर तळहात फिरवतात. हाताला काही लागलं की थांबतात, मागच्या बाजूला जाऊन बीमवरचं वजन एखादी खाच सरकवतात, परत येतात, पुन्हा हात फिरवतात. तोंडाने एक शब्द नाही. तुझ्या शिपमेंटचा निम्मा भरवसा त्या तळहातावर आहे.

हे डोळ्यांनी बघितलंस की मग बोल. ‘अण्णा, तुम्ही छान काम करता’ असं मात्र म्हणू नकोस. ते वाढदिवसाच्या कार्डावर शोभतं. ‘परवाच्या निळ्या लॉटला दोन्ही काठांना लूप सारखे होते, चेकिंगवरून एक नग परत आला नाही,’ एवढं म्हण आणि गप्प बस. त्याच दमात ‘मग पुढचा लॉट कधी?’ आलं की सगळं मुसळ केरात. ‘पण’ही नको. चूक सांगायची असेल तर दुसऱ्या दिवशी सांग, एकट्याला गाठून सांग. कौतुक चारचौघांत चालतं, तरी अण्णांसारखा अबोल माणूस तिथं अवघडतो. त्यांच्यामागे मालकांच्या कानावर घातलंस तर जास्त चांगलं. तुमच्या कारखान्यात गोष्ट शेडपर्यंत पोचायला चहाची एक फेरी पुरते.

पहिल्या वेळी ते तुझ्याकडे संशयानेच बघतील. ‘काय काम होतं?’ असं विचारतीलही. काही नाही म्हणायचं आणि निघायचं.

आणखी एक युक्ती, जुनी आहे. अठराव्या शतकात अमेरिकेतले नेते बेंजामिन फ्रँकलिन यांचा विधिमंडळात एक विरोधक होता. फ्रँकलिनने त्याच्या पाया पडायचं सोडून त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितलं, आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं, आणि तो गडी पुढे जन्माचा मित्र झाला. आपण ज्याला मदत केली त्याच्याबद्दल आपलं मत सुधारतं. 1969 मध्ये जेकर आणि लँडी या संशोधकांनी प्रयोग करून हे तपासलंही. तू अण्णांना लूपची उंची हाताने कशी ओळखायची ते शिकवायला सांग. खरंच शीक पण.

अकाउंट्समधला जो तुझं काम स्वतःच्या नावावर खपवतो, त्याला हे औषध लागू पडणार नाही. तिथं झालेल्या कामाचा मेल त्याच दिवशी मालकांना कॉपी करून पाठव, विषय संपला. आणि कुणाची नजर, हात किंवा बोलणं घाणेरडं असेल तर कौतुकबिवतुक काही नाही. दहा किंवा जास्त माणसं जिथं कामाला आहेत तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असा 2013 चा कायदा आहे. सरळ लेखी तक्रार दे, आणि मला फोन कर.

जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत एवढं करून बघ. तोवर काहीच हललं नाही, तर हुतात्मा एक्स्प्रेस रोज पुण्याला जाते आणि तुला अडवणारा मी कोण? फक्त राजीनाम्यात ‘परिस्थिती’चा दुसरा स्वर दीर्घ झालाय आणि तारीख मागच्या वर्षाची पडलीय. द्यायचाच झाला तर तेवढं सुधारून दे.

तुझा,
काका