आप्पांची काळी ट्रंक: पदकं, पत्रं आणि डिस्चार्ज बुक कसं वाचायचं

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अमळनेर तालुक्यातलं धाब्याचं जुनं घर पाडताना कोठीच्या खोलीत वडिलांची काळी पत्र्याची ट्रंक निघाली. आत पट्टीवर लावलेली तीन पदकं, ९९ एपीओचा (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) पत्ता असलेली पत्रं, डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळणारी सेवेच्या नोंदींची वही), पाच जवानांचा स्टुडिओत काढलेला फोटो, थोड्या पाकिस्तानी नोटा आणि पितळी काडतुसं. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि हयातीत ‘मराठा पलटणीत होतो, ढाक्याला गेलो होतो’ यापलीकडे ते काही बोलले नाहीत. आता सरपंच २६ जानेवारीला सत्कार करायचा म्हणतात, फलकावर ‘शौर्यपदक विजेते’ लिहायचं चाललंय. दुसरीकडे जुन्या वस्तू घेणारा एक जण पदकांचे पैसे देऊ करतोय. ही पदकं कसली, आप्पा नेमके कुठे लढले आणि या सगळ्याचं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी फौजेत क्लार्क होतो. जवानांचे कागद तयार करण्यात आणि वाचण्यातच नोकरी गेली. निवृत्तीनंतर धुळे-जळगावकडच्या अनेक घरांतल्या अशा ट्रंका पाहिल्या. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काडतुसांचं बघा. नुसती रिकामी पुंगळी असेल आणि बुडाच्या टोपीवर पिनचा खळगा दिसत असेल, तर ती उडालेली आहे. पण एखाद्याच्या तोंडाला गोळी अजून बसलेली दिसली तर ती हलवू नका, लहान मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. जिवंत काडतूस विनापरवाना घरात ठेवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात बसत नाही, आणि इतकी जुनी दारू कधी काय करेल याचा भरवसा नसतो. वडिलांची आठवण म्हणूनसुद्धा ते ठेवू नका.

आता पदकं. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून पंचकोनी तारा म्हणजे ‘पूर्वी स्टार’. दुसरं ‘संग्राम मेडल’ आणि तिसरं १९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी दिलेलं जयंती मेडल. यातलं एकही शौर्यपदक नाही. संग्राम मेडल १९७१-७२ च्या त्या काळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं, जयंती मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना. पूर्वी स्टारची गोष्ट वेगळी. तो पूर्व आघाडीवर प्रत्यक्ष असलेल्यांनाच मिळाला. पश्चिमेकडच्यांसाठी ‘पश्चिमी स्टार’ होता. आप्पांनी ढाक्याचं जे एक वाक्य सांगितलं, त्याला हा तारा सरकारी दुजोरा आहे.

युद्धातली शौर्यपदकं म्हणजे परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र. सेना मेडलही शौर्यासाठी दिलं जातं. ती मिळाली असती तर डिस्चार्ज बुकात नोंद असतीच, आणि गावालाही तेव्हाच कळलं असतं. म्हणून सरपंचांना स्पष्ट सांगा की फलकावर ‘शौर्यपदक विजेते’ लिहू नका. ‘१९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर लढलेले, पूर्वी स्टार प्राप्त’ असं लिहा. हा शब्द शब्द खरा आहे आणि त्यात कमीपणा कसलाच नाही. ज्यांनी वीर चक्र मिळवलं किंवा जे परतलेच नाहीत, त्यांच्या घरच्यांसमोर उभं राहताना आप्पांच्या नावापुढे खोटी पदवी असू नये. बापाची कमाई वाढवून सांगितली की खरी कमाईसुद्धा लोक शंकेने बघतात. मला या बाबतीत तडजोड मान्य नाही.

पदकाच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरं असतात: सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. आणि हात जोडून सांगतो, पितांबरी, चिंच, राख, काहीही लावून ती घासू नका. खूप घरांत सत्काराच्या आदल्या दिवशी पदकं लख्ख घासलेली मी पाहिली आहेत, आणि त्यात कडेवरचा नंबर गेलेला. तो नंबर गेला की ते पदक कोणाचंही होतं. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ टिपा, फिती धुऊ नका, एवढं पुरे.

पण माझं खरं सांगणं पुढे आहे. त्या ट्रंकेत सगळ्यात मोलाची वस्तू पदक नाही. ज्या कागदांना कोणी एक रुपया देणार नाही, तेच मोलाचे आहेत.

डिस्चार्ज बुक घ्या आणि पानापानाने वाचा. भरतीची तारीख आणि ठिकाण, ट्रेड, कोणत्या पलटणीत कधीपासून कधीपर्यंत, मिळालेली पदकं, निवृत्तीचं कारण, चारित्र्याचा शेरा, हे सगळं त्यात असतं. ओळखीच्या खुणांचा रकाना असतो: उजव्या भुवईवर व्रण, डाव्या दंडावर तीळ. उंची इंचांत लिहिलेली असते. चोपड्याकडच्या एका ताईंनी हा रकाना वाचला आणि वडिलांच्या हनुवटीखालची खूण त्यांना आठवली. तोवर ती खूण कोणत्याच फोटोत नीट दिसत नव्हती. जवळच्या नातलगाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे तेही पाहा. लग्नाआधी भरती झालेल्या पोरांनी तिथे आईचं किंवा बापाचं नाव दिलेलं असतं आणि लग्नानंतर ते खोडून बायकोचं लिहिलेलं असतं. शिक्षेच्या नोंदीचा एखादा कागद निघाला तर दचकू नका. रजेवरून दोन दिवस उशिरा पोचल्याचीसुद्धा नोंद होते, आणि आपल्याकडे नदीला पूर आला की तेवढा उशीर व्हायचाच. तो कागद फाडू नका, बाकीच्यांसोबतच ठेवा.

युनिटच्या पानावर ‘१ मराठा’ असेल, म्हणजे जंगी पलटण, तर पुढचं बरंचसं छापील इतिहासात मिळेल. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली ही पलटण १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) जमालपूरच्या मागे जाऊन बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी फौजेने तिथून फुटून निघायचा प्रयत्न केला, तो या जवानांनी अडवला आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. त्याच दिवशी तांगाईलजवळ २ पॅराचे छत्रीधारी उतरले. ही २ पॅरा म्हणजे पूर्वीची ३ मराठा, त्यामुळे पुंगली पुलावर दोघांची गाठ पडली तेव्हा ती एका अर्थी घरच्यांचीच भेट होती. तिथून ढाका, आणि १६ डिसेंबरला शरणागती. युनिट दुसरं असेल तर वाट दुसरी. म्हणून पानावरचा आकडा आधी बघा आणि मगच गावात गोष्ट सांगा.

पत्रांवर तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबलो असतो. ९९ एपीओ हा पूर्वेकडच्या फौजेचा टपालाचा पत्ता, पश्चिमेकडचा ५६ एपीओ. त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून जवान देशाच्या कोणत्या टोकाला होता ते कळतं. शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते. पत्रं तारखेप्रमाणे लावा. नोव्हेंबर ते मार्च हा काळ खास बघा, कारण लढाई १६ डिसेंबरला संपली तरी आपली फौज बांगलादेशातून परतायला मार्च १९७२ उजाडला. पत्रात जागेचं नाव सापडणार नाही, ते लिहायची मुभाच नव्हती. पाऊस, धान, नद्या, तांदळाचं जेवण, असं काही आलं की समजून घ्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) रजा मिळेल का, कपाशीला भाव काय आला, बैल विकू नका, असली वाक्यं जास्त असतील. कोणाला वाटेल यात युद्ध कुठे आहे. पण गोळीबार चालू असलेल्या मुलखातून ‘आठे बठ्ठं ठीक शे’ (इथे सगळं ठीक आहे) असं आपल्या अहिराणीत लिहिणाऱ्या माणसाने घरच्यांचा घोर स्वतःजवळ ठेवून घेतला होता. आप्पा पुढे आयुष्यभर बोलले नाहीत, त्याची सुरुवात मला तिथेच दिसते.

पत्रांच्या गठ्ठ्यात मनीऑर्डरच्या पावत्या आणि खालची फाडलेली कुपनं असतील तर ती कचरा समजून टाकू नका. कुपनावर संदेशाला दोन ओळींची जागा असायची आणि त्यावरही टपालाचा शिक्का असायचा. एका घरात पत्रं सगळी वाळवीने खाल्ली होती. नुसत्या कुपनांवरून आम्ही त्या जवानाची दोन वर्षांची वाट जुळवली. कोणत्या महिन्यात पैसे आलेच नाहीत, हेही त्यातून दिसलं, आणि तो महिना लढाईचा होता.

फोटो उलटा करून मागे बघा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेन्सिलने लिहिलेली नावं असतात. पाचांपैकी एक जरी आज हयात असला तरी तो जे सांगेल ते कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. तो आता सत्तरीच्या पुढे असणार, तेव्हा हे काम कागदी कामाच्या आधी करा.

आपल्याकडे अडचण अशी की सातारा-कोल्हापूरकडे घरटी फौजी. अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ लागलंय. तिथे पदक ओळखणारा शेजारच्या ओट्यावर भेटतो. खानदेशात कापूस, केळी आणि बाजार यांच्या गप्पांत फौजी एकटा पडतो, त्याची ट्रंक कोठीत जाते. तसं पाहिलं तर आपली परंपराही कोवळी नाही. १८२५ साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभी केली, तेव्हापासून या मातीतली माणसं बंदूक घेऊन उभी आहेत. फक्त आपण ते लिहून ठेवलं नाही.

कुठे विचारायचं, तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. (वाचणाऱ्या इतरांसाठी: महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला.) अर्जात सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, भरती आणि निवृत्तीच्या तारखा द्या, सोबत मृत्यू दाखल्याची आणि नात्याच्या पुराव्याची प्रत जोडा. कोणतंही पदक मिळायचं राहिलं होतं का, तेही त्याच अर्जात विचारा. जळगावचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज पुढे पाठवायला मदत करतं. आई हयात आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा त्याच फेरीत त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन आणि पीपीओवरचं (पेन्शनच्या आदेशावरचं) नाव, जन्मतारीख बरोबर आहे का ते तपासून घ्या. मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही हातात सोडू नका, झेरॉक्स द्या. पलटणींच्या युद्धडायऱ्यांबाबत संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण आणलं. साधारण २५ वर्षांनंतर असे कागद खुले करायचे, असं त्यात आहे. पण तिकडे जाण्याआधी घरातले कागद पुरते वाचून घ्या.

सांभाळायचं कसं? लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप नको. दोन्हींनी कागद कायमचा जातो. प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मग स्वच्छ धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. पत्र्याच्या छताखालची खोली टाळा, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्या खोलीत कागद पापडासारखा तडकतो. ट्रंक भिंतीला टेकवू नका, वाळवी तिथूनच चढते. झाकणावर पांढऱ्या रंगात आप्पांचा नंबर असेल, त्यावर नवा रंग देऊ नका.

विकायचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे: विकू नका. घेणारा पदकं नेतो, कागद तिथेच टाकतो, आणि मग दोन्ही मुकी होतात. भावाभावांत वाटणीही नको. एकाकडे पदकं, दुसऱ्याकडे पत्रं, तिसऱ्याकडे ट्रंक, असं झालं की नातवंडांच्या वेळेला कोणाचं काय ते जुळत नाही. सगळं एका घरात राहू द्या आणि बाकीच्यांना फोटोंचा पूर्ण संच द्या. आप्पांचा नातू त्यांचंच नाव सांगणार आहे, मग पेटी कोणाच्या घरात आहे याने काय फरक पडतो?

आईंना आज-उद्यात पत्रं वाचून दाखवा आणि मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. पत्र कोण वाचून द्यायचं, उत्तर कोण लिहायचं, डिसेंबरात बातम्या कुठे ऐकायला जात होत्या, असं विचारा. ‘युद्धाचं सांग’ असं विचारलं तर ‘मला काय माहीत’ म्हणतील.

कडेवरच्या नंबरचा आणि डिस्चार्ज बुकातल्या युनिटच्या पानाचा फोटो पाठवा, बेळगावच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देतो. अर्ज आईंच्या नावाने करू, त्यावर त्यांची सही किंवा अंगठा लागेल. सरपंचांना फलक छापायला देण्याआधी मजकूर एकदा मला दाखवा.