कॉल लागतो, पण एसएमएस जात नाही. आईच्या फोनला काय झालं असेल?

तुम्ही लिहिलंय, वाळपईला आईच्या फोनवरून कॉल लागतो, व्हॉट्सॲपही चालतं, फक्त एसएमएस अडकतो. टॉवरला दोष देण्याआधी रिचार्ज बघा. नुसत्या डेटाच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा एसएमएस नसतात आणि मेन बॅलन्स शून्य असला की मेसेज तिथेच थांबतो.

सिम नुकतंच बदललंय का? मग 24 तास एसएमएस बंदच असतात. फसवणूक टाळण्यासाठीचा नियम आहे तो. माझ्या मावशीचं साखळीला चवथीच्या आदल्या दिवशी असंच झालं. बिचारी रात्रभर फोन बंद-चालू करत बसली, दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आपोआप जायला लागले.

दोन सिम असतील तर मेसेज कुठल्या सिमवरून जातोय तेही पाहा. मेसेज ॲपमध्ये आरसीएस चॅट (इंटरनेटवरून मेसेज पाठवायची सोय) चालू असेल तर ते बंद करून एकदा साधा एसएमएस पाठवा.

तरीही जमलं नाही तर माझा संशय मेसेज सेंटरच्या नंबरवर, म्हणजे कंपनीच्या ज्या केंद्रातून एसएमएस पुढे जातात त्याच्या नंबरवर. हा नंबर चुकला की कॉल नीट लागतात, पण एकही एसएमएस जात नाही. तुमची लक्षणं अगदी तशीच आहेत. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#4636#*#* डायल केल्यावर एसएमएससी (म्हणजे हाच मेसेज सेंटरचा नंबर) हा रकाना दिसतो. बरोबर नंबर कंपनीच्या कस्टमर केअरकडूनच घ्या, इंटरनेटवरचा टाकू नका.

आणि मराठीत 70 अक्षरांच्या वर गेलं की एका मेसेजचे दोन मोजतात. पॅकमध्ये रोजचे 100 एसएमएस असतील तर ते त्यामुळेही लवकर संपतात.